मशीनने पॉलिश केल्यावर गाडीचा रंग जातो का? त्या मेसेजला उत्तर

गाड्यांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. मशीनने पॉलिश करू नका, रंगाचा थर जातो. हाताने घासलेलं सुरक्षित. बारीक ओरखड्यांना टूथपेस्ट पुरते. वॅक्स लावलं की ओरखडे भरून निघतात. भांड्यांच्या साबणाने रंग खराब होतो. आणि एकदा सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पातळ संरक्षक थर) केलं की ओरखडा उठतच नाही, कारण ते ९एच कडक असतं.

मी गाड्या पॉलिश करण्याचंच काम करतो, आणि हा मेसेज वाचून आलेले गाडीमालक मला सतत भेटतात. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो इतका पसरतो. पण त्यातला सल्ला जसाच्या तसा मानला तर चांगल्या रंगाची वाट लागते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा: “मशीनने रंगाचा थर जातो.” थर जातो, हे खरं. पॉलिशिंग म्हणजे तेच. ओरखडा म्हणजे पृष्ठभागावर पडलेली बारीक खाच. तिच्या दोन्ही बाजूंचा भाग तिच्या तळापर्यंत खाली आणला की ती दिसेनाशी होते. त्यामुळे पाहायचं ते हे, की कोणता थर जातो आणि किती.

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्याला लागून गंज रोखणारा प्रायमर, त्यावर दुसरा प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. आपण पॉलिश करतो तो हा थर. रंग त्याच्या खाली असतो. बारीक पॉलिश आणि मऊ फोमचं पॅड घेऊन मशीनने एकदा नीट काम केलं तर साधारण १ ते ३ मायक्रॉन जातात. लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड (जास्त कापणारं, भरड पॉलिश) घेतलं तर त्याहून बरेच जास्त.

जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसायचा, रंगाचा एकच थर असायचा. त्यावर पॉलिश केलं की फडक्यावर लाल गाडीचा लाल रंग उतरायचा, आणि ते नैसर्गिक होतं. ही भीती तिथूनच आली असावी, असं मला वाटतं. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर मात्र पॅडला गाडीचा रंग लागला तर तिथेच थांबायचं. क्लिअर कोट संपलेला असतो आणि तिथे पुन्हा रंग मारण्याशिवाय इलाज उरत नाही.

आता मशीनबद्दल. ‘मशीन’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळी अवजारं येतात, आणि मेसेजमध्ये त्यांचा फरकच केलेला नाही. रोटरी मशीनचं पॅड एकाच आसाभोवती फिरतं. ते झपाट्याने कापतं, पण एका जागी रेंगाळलं की तिथे उष्णता साठते. नवशिक्याच्या हातात ते धोक्याचं आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतंही. उष्णता पसरते, खुणा एकाच दिशेने उमटत नाहीत, आणि बहुतेक मॉडेलमध्ये फार दाबलं तर पॅडचं फिरणंच मंदावतं. पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरताना दिसत असेल तर दाब बरोबर आहे. नुसती थरथरताना दिसली तर हात हलका करायचा. शिकणाऱ्या माणसाने याच मशीनने सुरुवात करावी.

मशीनने रंग जाळल्याची उदाहरणं मीही पाहिली आहेत. जवळजवळ सगळी कडांवरची: बॉनेटची धार, दारावरची उठावदार रेघ, बंपरचा कोपरा. कडांवर थर पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथे चिंचोळ्या जागेत येतो. कडांना मास्किंग टेप लावणं, पॅनेल गार असणं, सावलीत काम करणं आणि सगळ्यात सौम्य पॅड-पॉलिशने एका छोट्या चौकोनात आधी चाचणी घेणं, एवढं पाळलं तर हे टळतं. प्रत्येक कंपनीचा क्लिअर कोट सारखा कडक नसतो, त्यामुळे एका गाडीवर चाललेली जोडी दुसरीवर चालेलच असं नाही. चाचणीला पर्याय नाही.

जाडी मोजणारा गेजही हवा. तो पत्र्यावरचे सगळे थर मिळून एकच आकडा देतो. क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही आणि प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज चालतच नाही. तरी शेजारच्या पॅनेलवर ११५ आणि एकाच दारावर २५० दिसले तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे हे कळतं. एखाद्या जागी आकडा ८०च्या खाली गेला तर मी तिथे कंपाउंड लावत नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

दुसरा मुद्दा: “हाताने घासलेलं सुरक्षित.” मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. रात्री बॉनेटवर एकाच दिव्याचा उजेड पाडून पाहा. प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेषांची नक्षी दिसेल. दिवा डावीकडे न्या, जाळंही डावीकडे सरकेल. ओरखडे तर जागचे हलत नाहीत, मग जाळं सरकतं कसं? कारण ते ओरखडे गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेले ते बारीक चरे असतात आणि त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात. लोक हे जाळं पाहून “मशीनच्या खुणा” म्हणतात. रोटरीची खूण वेगळी असते: उन्हात रुंद, धुरकट पट्टे दिसतात आणि आपण चालू लागलो की तेही सरकतात. त्याला होलोग्राम म्हणतात. जाळं मात्र बहुतेक वेळा हातानेच पडलेलं असतं, रोज सकाळी धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवून. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्‌स मापावर क्वार्ट्झची कठीणता ७, तर खिडकीच्या काचेची साधारण साडेपाच. ते कण फडक्याखाली दाबून ओढले की क्लिअर कोटवर काय होईल ते उघड आहे.

हाताने पॉलिश करतानाही दाब सारखा राहत नाही. बोटांच्या टोकांखाली जास्त, तळव्याखाली कमी. मशीन जे काम दोन-तीन मिनिटांत एकसारखं करतं, तेच हाताने करायला गेलं तर खांदा दुखून येतो, आणि दमलेला माणूस मग जाड कंपाउंड उचलतो. गाडीवर ढगाळपणा येतो तो बहुधा इथून.

हाताचं काम मी कमी लेखत नाही. दाराच्या हँडलमागची वाटी, लोगोभोवतालची जागा, आरशाचा दांडा, खिडक्यांमधले काळे चकचकीत खांब, इथे हातच लागतो. वॅक्स लावायला तर हातासारखं दुसरं काही नाही. पण सगळं बॉनेट हाताने सपाट करायला जाऊ नये.

टूथपेस्ट. तिच्यात सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटसारखे घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी पुसट ओरखडा थोडा कमी दिसतो, हे खरं. पण ते कण दातांसाठी निवडलेले असतात. गाडीच्या पॉलिशमधल्या कणांचा आकार आणि त्यातलं वंगण क्लिअर कोटसाठी ठरवलेलं असतं. टूथपेस्टने एका चऱ्याच्या जागी तळहाताएवढा मंद डाग उरतो, आणि तो काढायला शेवटी पॉलिशच लागतं. घरच्या घरी तपासायचं असेल तर ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. टूथपेस्ट सोडाच, मशीननेही तो पूर्ण काढू नये. कडा थोड्या मऊ करून तिथे थांबावं.

वॅक्सने ओरखडे भरतात का? काही वेळ, हो. वॅक्स आणि ग्लेझ (खाचा तात्पुरत्या झाकणारं चमकदार द्रावण) खाचांमध्ये बसतात, प्रकाश कमी विखुरतो, गाडी नवी दिसते. काही आठवड्यांनी आणि काही धुण्यांनंतर सगळं परत वर येतं. वॅक्स संरक्षणासाठी उत्तम आहे, दुरुस्तीसाठी नाही. म्हणून पॉलिश करून घेतलेल्या गाडीच्या एका भागावर पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसायला सांगा. पॉलिशमधली तेलं निघून गेल्यावरही ओरखडे दिसले नाहीत तर काम खरं झालंय.

भांड्यांच्या साबणाबद्दल थोडक्यात: त्याने क्लिअर कोट विरघळत नाही. वॅक्स मात्र उतरतं, आणि कार शाम्पूत असतो तेवढा निसरडेपणा त्यात नसतो, त्यामुळे कण ओढले जातात. पॉलिशच्या आधी एकदा वापरला तर बिघडत नाही. दर आठवड्याला नको.

उरलं सिरॅमिक. ९एच हे पेन्सिलच्या चाचणीचं माप आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ४५ अंशांत धरून पृष्ठभागावर ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने खूण पडते ते पाहतात. ९एच ही त्या संचातली सगळ्यात कडक पेन्सिल. तिने ओरखडा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि माती असते, धुळीत क्वार्ट्झ. त्यात हे कोटिंग सुकल्यावर साधारण एक-दोन मायक्रॉन जाडीचं राहतं, तेव्हा रस्त्यावरून उडालेला खडा त्याला जुमानत नाही. कोटिंगमुळे पाणी निथळतं, चिखल सहज सुटतो, पक्ष्यांची विष्ठा पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. हे फायदे मोठे आहेत आणि मी लोकांना ते करायला सांगतो. पण ओरखडे असलेल्या रंगावर ते चढवलं तर तेच ओरखडे त्याखाली बंद होतात, आणि नंतर काढायचे झाले तर आधी कोटिंग घासून काढावं लागतं. म्हणजे कोटिंगच्या आधी मशीन हातात घ्यावंच लागतं, आणि गाडी घेऊन येणाऱ्याला नेमकं तेच नको असतं, कारण मेसेजच्या पहिल्याच ओळीत त्याला मशीनपासून दूर राहायला सांगितलेलं असतं.