दिवंगत जोडीदाराचे विवरणपत्र

पतीच्या निधनानंतर पत्नीने दोघांचे उत्पन्न एकत्र करून एकच प्राप्तिकर विवरणपत्र भरावे, असा समज दिवंगत जोडीदाराच्या विवरणपत्राविषयी प्रसिद्ध झालेल्या लेखाच्या मांडणीतून होऊ शकतो, म्हणून हा खुलासा. भारतीय प्राप्तिकर कायद्यात पती-पत्नीचे संयुक्त विवरणपत्र नाही. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिनांकापर्यंतचे उत्पन्न मृताच्याच पॅनवर दाखवावे लागते आणि त्यासाठी वारसाने आधी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर, मृत्यूचा दाखला व वारस असल्याचा पुरावा जोडून, कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते. मृत्यूनंतरचे व्याज वा भाडे ज्याच्या वाट्याला येते, त्याच्या उत्पन्नात धरले जाते. खरी गुंतागुंत मुदत ठेवींची असते, कारण बँकेला वेळेवर न कळवल्यास पुढची करकपातही जुन्याच पॅनवर होत राहते आणि तिचा मेळ घालणे, विशेषतः शोकाच्या काळात, फार जिकिरीचे होते. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र पत्नीचे स्वतःचे उत्पन्न असून ते ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली येते. थकीत कराची वारसावरील जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेच्या मूल्यापुरतीच मर्यादित असते, हे लेखात ठळकपणे यायला हवे होते. जादा भरलेल्या कराच्या परताव्याची रक्कम जमा होईपर्यंत मृताचे पॅन रद्द करण्याची घाई करू नये.