चायनाटाउनच्या कादंबऱ्या आणि मागे उभी राहणारी दुभाषी

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधे विकल्या गेलेल्या चिनी मुलींवर आणि त्यांच्या सुटकेवर बऱ्याच ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत, मी मिळतील तशा वाचत असते, आणि आता साच्याचा वैताग आलाय. धुकं, अंधारी गल्ली, दारावर पोलिसांची कुऱ्हाड, फळीखाली लपवलेली भेदरलेली पोरगी आणि दारात गोरी मिशनरी बाई. बाई म्हणजे अर्थात डोनाल्डिना कॅमरन.

बाई मोठीच होती, वादच नाही. १८९५ साली चायनाटाउनच्या मिशन होममधे, म्हणजे सोडवलेल्या मुलींच्या ख्रिस्ती आश्रमात, शिवण शिकवायला आली ती तिथलीच होऊन गेली. पण तिला चिनी भाषा कधी धड आली नाही. मग फळीखालच्या मुलीशी बोलायचं कोण?

तिएन फू वू. हिला बापानं जुगाराच्या कर्जापायी विकलं होतं. आजीला भेटायला जायचंय असं सांगून बोटीवर नेलं, आणि निघताना आईनं निळ्या पिशवीत नवा टूथब्रश नि तोंड पुसायचं फडकं दिलं होतं, हे तिनं म्हातारपणी स्वतः सांगितलंय. असा टूथब्रश कुठल्या लेखकाला सुचेल हो? पुढे मालकिणीनं तिला चटके दिले, १८९४ मधे ती मिशनमधे आली, शिकली, आणि १९११ पासून कॅमरनबरोबर दुभाषी म्हणून धाडींवर जायला लागली ती कायमचीच. समोरची मुलगी घाबरून नाही नाही म्हणतेय, मालकानं तिला मिशनवाले विष घालतात असं पढवलंय, आणि तिला पटवणारी बाई स्वतः त्यातून गेलीय! ही हिरोईन सोडून तुम्ही गोऱ्या बाईच्या निळ्या डोळ्यांवर पानंच्या पानं लिहिता?

दुसरं म्हणजे या गोष्टींत व्हिलन नेहमी चिनी गुंडच. ते होतेच. पण हा बाजार वाढवला कुणी ते बघा ना. १८७५ चा पेज कायदा म्हणे वेश्याव्यवसाय थांबवायला, प्रत्यक्षात प्रत्येक चिनी बाईवरच संशय, त्यामुळे मजुरांच्या बायकाही येईनात, वर १८८२ चा चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी घालणारा कायदा. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत एका चिनी बाईमागे सव्वीस-सत्तावीस पुरुष होते. मग चोरून आणलेल्या मुलीचा भाव वाढणार नाही तर काय! आणि सुटलेली मुलगी परत मिळवायलाही कायदाच वापरायचे, तिच्यावर दागिने चोरल्याची केस टाकायची की वॉरंट हातात. १९०० साली कुम क्वाय नावाच्या मुलीला असंच पालो अल्टोच्या तुरुंगात नेलं, कॅमरन तिच्यासोबत तिथेच राहिली, तर रात्री माणसं येऊन मुलीला घेऊन गेली आणि सोबत निघालेल्या कॅमरनला वाटेत गाडीतून ढकलून दिलं. दुसऱ्या दिवशी गावातले लोक आणि स्टॅनफर्डची पोरं भडकली ती वेगळी गोष्ट.

१९०६ चा भूकंप तर सगळ्यांचा लाडका सीन. शहर जळतंय आणि कॅमरन मुलींच्या पालकत्वाचे कागद आणायला परत घरात शिरते. खरं आहे हे, कारण ते कागद गेले असते तर मालक कोर्टात जाऊन मुली मागू शकले असते. पण त्याच आगीत सरकारी जन्मनोंदी जळाल्या, म्हणून कितीतरी चिनी पुरुषांना 'मी इथेच जन्मलो, म्हणजे अमेरिकन नागरिक' म्हणता आलं आणि चीनमधली मुलं कागदोपत्री आपली म्हणून आणता आली, मुली विकणाऱ्यांनीही मग तीच खोट्या मुली-खोट्या बायकांची वाट वापरली. एका आगीत एवढी कादंबरी पडलीय, पण लेखक धुरातच अडकतात.

आणि सुटकेनंतर? दाराला कुलूप, पत्रं आधी वाचली जायची, प्रार्थना सक्तीची, लग्न चांगल्या ख्रिस्ती चिनी मुलाशी. काही जणी तिथूनही पळाल्या. आपल्याला हे नवीन नाही, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात केवढा गदारोळ झाला होता (आणि रमाबाई १८८८ मधे अमेरिकेतून निघाल्या त्या सॅन फ्रान्सिस्कोहूनच, तेव्हा हे होम चालू होतं). आसरा हवा आणि धर्म नको असलेल्या मुलीनं तिथे काय केलं असेल, यावर मला चारशे पानं वाचायला आवडतील.

दुभाषी नायिका असलेली एखादी कादंबरी कुणी वाचली असेल तर कमेंटमधे नाव टाका. निळे डोळेवाली नको, ती भरपूर झाली.