80 रुपये, जिद्द आणि लिज्जतच्या नावावर खपणारा सल्ला

व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर साधारण असा: 'सात बायका, उसने 80 रुपये आणि जिद्द, बस्स! लिज्जत असंच उभं राहिलं. आवड असली की भांडवल आणि हिशेब यांवाचून काही अडत नाही. हटके काहीतरी करा. मन लावून केलं की दर्जा येतोच. मालाच्या दुप्पट भाव लावा, निम्मा नफा तुमचा.' सात बायका खऱ्या, 80 रुपयेही खरे. बाकीचं तपासून घेऊ.

'हिशेबावाचून अडत नाही.' 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर पापडाची चार पाकिटं तयार झाली. 80 रुपये उसने देणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांचा जमाखर्च चोख ठेवण्यावर पहिल्यापासून कटाक्ष होता. बायकांनी आधी दोन प्रतींचे पापड काढले होते, त्यातली एक स्वस्तात विकायला. छगनबापांनी एकच चांगली प्रत ठेवायला सांगितलं. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हेही सुरुवातीलाच ठरलं. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये. नुसत्या जिद्दीवर चाललेलं काम असं नसतं.

'हटके करा.' पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला: पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. कल्पकता म्हणतात ती हीच. नवा स्वाद नाही की नवं पाकीट नाही, धंदा जिथे अडला होता तेवढी गाठ सोडवली.

'मन लावून केलं की दर्जा येतोच.' मन शंभर घरांत शंभर प्रकारचं लागतं. म्हणून लिज्जतमध्ये पीठ एका जागी मळतात, बहिणी, म्हणजे संस्थेच्या सभासद बायका, ते घरी नेऊन लाटतात, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून देतात. तपासणी आणि वजन झालं की लाटण्याची मजुरी, म्हणजे 'वणई', हातात आणि नवं पीठ डब्यात. चव पीठ मळतानाच बांधलेली असते आणि लाटण्यातली खोट दुसऱ्याच दिवशी सापडते.

आता 'दुप्पट भाव, निम्मा नफा'. नवे लोक बुडतात ते इथेच. समजा किलोभर पापडाला माल 150 रुपयांचा, लाटणावळ 60. विसात एक किलो तुटतं, म्हणजे 210चे झाले 221. पाकीट-लेबल 12. खर्च 233. भाव लावला 300. दुकानदाराने 20 टक्के, म्हणजे 60 कापले, हाती आले 240. उरले 7 रुपये! त्यातून वीज, टेम्पो आणि तुमची स्वतःची मजुरी. तूट आणि दुकानदाराचा वाटा मांडल्याशिवाय भाव काढूच नका.

त्यात उधारी. आठवड्याला 50 किलो माल गेला तर दर आठवड्याला 11,650 रुपये गुंततात. दुकानदार सहा आठवड्यांनी पैसे देणार असेल तर पहिला रुपया हाती यायच्या आत जवळपास 70,000 रुपये बाहेर अडकलेले. कागदावर नफा, आणि डाळवाल्याला द्यायला पैसे नाहीत, अशी गत. त्यामुळे नव्या दुकानात भाव ठरवायच्या आधी पैसे किती दिवसांत मिळणार ते विचारावं, आणि पहिल्या पाकिटांचे पैसे आल्याशिवाय दुसरी खेप ठेवू नये.