नऊ दिवसांच्या रजेत हिमालय

हिमालयातला ट्रेक ठरवताना नकाशा नंतर उघडावा, आधी कॅलेंडर उघडावं. शनिवार-रविवार, मधले पाच दिवस रजा, पुन्हा शनिवार-रविवार. झाले नऊ. साहेबांनी कपाळाला आठ्या घालत का होईना, सही केली आहे. एवढ्या खटपटीने मिळवलेले नऊ दिवस घेऊन तुम्ही निघालात, तर पुढचं सांभाळून घेणं हे आता पर्वताचं काम.

नमुन्यादाखल लडाखमधलं मरखा खोरं घेऊ. तिथे वाटेवर गावं आहेत, घराघरांत राहायची सोय आहे, तंबू वाहावा लागत नाही. आणि शेवटी कोंगमारू ला नावाची 5,200 मीटरच्या आसपासची खिंड (लडाखीत ‘ला’) आहे, म्हणजे परत आल्यावर चारचौघांत सांगायला आकडा मिळतो. आकडा मिळणार नसेल तर माणसाने जुन्नरच्या आसपासच फिरावं, विमानाचे पैसे तरी वाचतात.

लेहला विमानाने सकाळी सकाळी उतरा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे लेहच्या बाजारात तुम्ही शालीचा भाव करत असता तेव्हा दोन कळसूबाई एकावर एक रचूनही तुमच्या पायाखाली जागा उरते. दर श्वासाला मिळणारा प्राणवायू इथे घरच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणून गाइडने पाठवलेल्या कार्यक्रमात ‘दिवस 1: विश्रांती. दिवस 2: विश्रांती, जवळपास फेरफटका’ असं लिहिलेलं असतं. ही राजरोस लूट आहे. झोपायचंच होतं तर घरी गादी नव्हती का?

हे दोन दिवस कारणी लावा. पहिल्या दिवशी खारदुंग ला. तिथे कित्येक वर्षं 18,380 फुटांची पाटी होती. मोजणाऱ्यांनी खिंड 5,359 मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर भरते असं दाखवून दिलं, पण तुम्ही पाटीवरच श्रद्धा ठेवा; फोटो पाटीबरोबर निघतो, मोजणीबरोबर निघत नाही. दुसऱ्या दिवशी चांग ला ओलांडून पँगाँग तलाव, जाऊन-येऊन एका दिवसात. दिवसभर गाडीच्या खिडकीवर डोकं आपटत राहिलं की ते दुखतंय ते उंचीमुळे की रस्त्यामुळे हे कोणालाच सांगता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

आता गाइड. गाइड घ्यायचा कशासाठी? तर ग्रुप फोटो काढायला ग्रुपबाहेरचा एक माणूस लागतो. निवड करताना चार ठिकाणचे भाव मागवा आणि सगळ्यांत स्वस्त तो घ्या. त्याच्याजवळ प्रथमोपचाराचं सामान आहे का, कोणी आजारी पडलं तर खाली कसं आणणार, घोडेवाल्याला आणि स्वयंपाक्याला तो काय देतो, असले प्रश्न विचारू नका. भाव ठरल्यावर ‘आम्ही दहा जण आहोत, पुढच्या वर्षी अजून वीस आणू’ असं म्हणून आणखी थोडे कमी करून घ्या. ही वीस माणसं लडाखमध्ये दरवर्षी येऊ घातलेली असतात. तिथल्या गाइडांना ती आता पाठ झाली आहेत.

घेतलेल्या गाइडचं ऐकायचं मात्र नाही. तो पहाटे साडेपाचला उठवेल. का, तर पुढे नदी ओलांडायची आहे. मरखा नदीला वरच्या बर्फाचं पाणी येतं. रात्री थंडीने वितळणं मंदावतं म्हणून सकाळी पाणी कमी असतं, ऊन चढलं की वाढत जातं, आणि सकाळी जे पोटरीला लागत होतं ते दुपारी मांडीला लागतं. त्याला शांतपणे सांगा, आम्ही ट्रेकला आलोय, शाळेला नाही. मग सावकाश चहा, त्यावर दुसरा चहा, मग कोणाचा तरी हरवलेला मोजा. दोन वाजता काठावर उभं राहून ‘पूल का बांधत नाहीत हे लोक?’ असं म्हणण्यात वेगळंच समाधान आहे.

वाटेतल्या गावांकडे वळू. कार्यक्रमात ‘स्थानिक संस्कृतीचा अनुभव’ असं छापलेलं असतं, तो उरकायला हवा. पहिलं लागतं चिलिंग. सतराव्या शतकात शे नावाच्या गावातल्या बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे वंशज इथे राहतात आणि तांब्या-पितळेचं काम करतात. पण रस्ता आता चिलिंगच्या पुढे स्कियूपर्यंत आणि त्याच्याही आत गेला आहे, आणि तुम्ही काल पँगाँगहून रात्री आलेले आहात, त्यामुळे चिलिंग तुम्ही गाडीत तोंड उघडं टाकून पार करता. बरंच आहे. एक गाव कमी.

मग चालताना मणीभिंती लागतात, मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब भिंती. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं असतं. घरी मारुतीला न चुकता उजवी घालणारा माणूस इथे मात्र दोन मीटर वाचतात म्हणून उलट्या बाजूने जातो आणि पाठीमागून गाइड ‘सर, सर’ करत राहतो. ऐकू येत नाही असं दाखवावं. वाऱ्यामुळे ते पटण्यासारखं असतं.

मुक्कामाच्या घरी पोचलात की आधी सॉकेट शोधा. लडाखी घरात पाहुण्याला स्वयंपाकघरातच बसवतात. आम्ही मरखा गावात ज्या घरी उतरलो तिथे मधोमध नक्षीची चूल होती. मागच्या भिंतीवर फळ्याच फळ्या आणि त्यांवर मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत गेलेली भांडी, पळ्या, झाकणं. माझ्या आजीची दसऱ्याला निघायची तशी चिंचेने घासल्यासारखी. घरातल्या म्हातारीने, आमा-ले म्हणतात तिला, लोणी-मिठाचा चहा ओतला. मी एक घोट घेतला. तिने वाटी पुन्हा काठोकाठ भरली. पुन्हा घोट, पुन्हा भरली. सहाव्या वेळी मी डोळे मिटून वाटी एका दमात रिकामी केली, म्हणजे सुटका होईल, आणि ती फार खूश होऊन उठली व तिने ती भरली. वाटी भरलेलीच राहू द्यायची आणि निघताना संपवायची, ही रीत गाइडने लेहलाच सांगितली होती. तेव्हा मी पँगाँगचे फोटो पाठवत होतो.

संडास वरच्या मजल्यावर. जमिनीत चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग, त्यात खोचलेलं फावडं. पाणी टाकायचं नाही, झाल्यावर वरून दोन फावडी माती ढकलायची. खाली त्याचं खत होतं आणि ते जवाच्या शेतात जातं. पाण्याचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या मुलखात माणसांनी काढलेली ही चोख युक्ती आहे, म्हणून तुम्ही तिथे दोन बाटल्या पाणी ओता, वर ओल्या टिश्यूंचं पाकीट टाका, आणि खाली येऊन ‘निदान स्वच्छतागृह तरी धड हवं’ असं गाइडला ऐकवा. जेवणात त्यांचं स्क्यू किंवा थुक्पा येईल. मॅगी आहे का ते विचारा.

सकाळी पैसे देताना भाव करा. हे सगळं खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं, उद्यान 1981 सालचं. इथला हिमबिबट्या गावकऱ्यांच्या शेळ्या-मेंढ्या उचलतो, आणि मग गावकरी त्याच्या जिवावर उठतात. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला बिबट्या वाचवू पाहणाऱ्या मंडळींनी गावकऱ्यांबरोबर बसून पाहुण्यांना घरी ठेवण्याची ही सोय उभी केली, म्हणजे बिबट्या जिवंत राहण्यात घराचा फायदा. तर तुम्ही शंभर रुपये कमी करून घेतलेत, की ते कोणाच्या खिशातून गेले याचा हिशेब बिबट्यापर्यंत पोचतो. पण तो काही तुमच्या रिव्ह्यूला उत्तर देणार नाही.

आता मुख्य विषय, पित्त.

मराठी माणसाला उंचीचा त्रास होत नाही, पित्त होतं. डोकं ठणकतंय, अन्न समोर नको वाटतंय, मळमळतंय, झोप लागत नाही: जगभरचे डॉक्टर याला उंचीवरचा आजार म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘काल राजमा जास्त झाला’ म्हणतात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा एक रूक्ष नियम आहे. तो रजेच्या अर्जाला जोडता येत नाही. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी आहे, बहुतेकांना 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरला विचारून. पण ‘कशाला उगाच केमिकल?’ असं म्हणून ती घरीच ठेवा आणि कापराची पुरचुंडी घ्या. कापराने प्राणवायू वाढत नाही, पण शेजारच्याला देवघरात बसल्यासारखं वाटतं. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटरही घ्या. रात्री सगळ्यांनी आकडे जाहीर करायचे. ज्याचा आकडा जास्त तो बोलेल, ज्याचा कमी तो हात चोळून पुन्हा लावेल, चांगला येईपर्यंत.

गाइड अधूनमधून विचारेल, डोकं दुखतंय का, खोकला आहे का, बसल्या जागी धाप लागतेय का. एखाद्याला टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालूनही दाखवायला सांगेल. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असू शकते, धाप थांबत नसेल तर फुप्फुसात पाणी, आणि दोन्हींवर पहिला उपाय खाली उतरणं, तेही लगेच. तुम्ही म्हणा, पित्त आहे.

हे मी अधिकाराने सांगतोय. हणकर गाव चार हजार मीटरच्या आसपास आहे आणि निमालिंगचं कुरण पावणेपाच हजारांच्या आसपास. मधे ठाचुंग्त्से नावाची जागा आहे, नदीकाठी थोडी हिरवळ, पॅराशूटच्या कापडाचा एक चहाचा तंबू. गाइडच्या कार्यक्रमात तिथे एक मुक्काम होता. हणकरहून जेमतेम अडीच तास! साडेअकराला पोचून दिवसभर काय करायचं, गवत मोजायचं? मी घरूनच त्या ओळीवर काट मारून ‘अनावश्यक’ असं लिहून पाठवलं होतं. तेवढ्या वाचलेल्या दिवसात पँगाँग बसला होता.

निमालिंगला चारला पोचलो. समोर कांग यात्से पर्वत उभा, पांढराशुभ्र, खाली चरायला आलेली याकं, बिळाबाहेर उभे राहून शिट्ट्या मारणारे मार्मोट. मला त्यातलं काहीच बघवत नव्हतं. कपाळाच्या आत कोणीतरी पाटा-वरवंटा चालवत होतं. जेवण आलं, वासाने तंबूमागे पळालो. गाइड कंदील घेऊन मागे उभा.

‘सर, सरदर्द?’

‘नही नही. वो थोडा पित्त...’

‘पित्ता,’ तो म्हणाला. ना हसला ना चिडला. महाराष्ट्रातले ग्रुप बारा वर्षं नेतोय, शब्द त्याला माहीत होता. त्याने माझी सॅक उचलली, घोडेवाल्याला हाक मारली, बाकीच्यांना सकाळी दुसऱ्या गाइडबरोबर खिंडीत जायला सांगितलं आणि मला बूट घालायला लावले. मी वाद घातला. माझ्याजवळ कापूर होता, रजा रविवारी संपत होती, आणि खिंड तर तिथे समोर होती. तो लेस बांधत राहिला.

डोक्याला लावलेल्या दिव्याच्या उजेडात आम्ही दोन-अडीच तास उतरलो. पहिला तास मी दर वळणावर बसत होतो. मग बसणं कमी झालं. मग मला भूक लागली, आणि भूक लागल्याचा राग आला. नदीचा आवाज मोठा झाला, अंधारात पांढुरकं कापड फडफडताना दिसलं. पॅराशूटचा तंबू. ठाचुंग्त्से.

आतल्या माणसाने झोपेतून उठून काळा चहा केला. मी दोन कप प्यायलो, वर बिस्किटाचा अख्खा पुडा खाल्ला. गाइड माझी सॅक कोपऱ्यात टेकवत म्हणाला, ‘सर, आपका पित्ता उतरने से उतरता है.’