प्रिये ब्लाँला खुंट नाही, म्हणून आपणही सोडायचा?

गेले पंधरा दिवस बागाईतदारांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. वर बर्फाच्या डोंगराचा फोटो, त्याखाली कमरेइतक्या मांडवाचा दुसरा फोटो आणि भरपूर उद्गारचिन्हं. मजकुराचा सारांश असा: इटलीत माँ ब्लाँच्या पायथ्याशी मोर्जे आणि ला साल या गावांत ‘प्रिये ब्लाँ’ नावाचं पांढरं वाईनचं द्राक्ष होतं. ही युरोपातली सर्वांत उंच बाग. रोमन काळापासून हे द्राक्ष फक्त तिथेच आहे. थंडीने फायलोक्सेरा ही मुळांची कीड मेली, म्हणून वेली आजही स्वमुळावर, म्हणजे खाली दुसऱ्या वेलीचा खुंट न जोडता, उभ्या आहेत. खुंट नसल्यामुळे वेल बुटकी राहते, मजुरी वाचते, रोग येत नाही, फवारणी लागत नाही, चव अस्सल राहते. आणि शेवटची ओळ: “मग आपल्या गळ्यात डॉगरीज कोणी मारला?” डॉगरीज म्हणजे आपल्याकडच्या द्राक्षाच्या कलमाखाली असतो तो खुंट.

नावावरून ग्रुपवर दोन दिवस नाट्यपदं सुरू होती, त्याला माझी हरकत नाही. पण परवा पुतण्याचा फोन आला. “काका, खालच्या दोन एकरात थेट थॉमसनच्या, आपल्या नेहमीच्या बिनबियांच्या द्राक्षाच्या, काड्याच लावू का? खुंट लावायचा, मग ऑगस्टची वाट बघत कलम भरायचं, कशाला एवढा कुटाणा?” म्हणून हे लिहायला बसलो.

उंचीचं आधी उरकतो. मोर्जे-ला सालच्या बागा साधारण ९०० ते १२०० मीटरवर आहेत. युरोपसाठी हे खरंच खूप आहे. पण पलीकडे स्वित्झर्लंडातलं फिस्परटर्मिनन हे गावही ११५० मीटरपर्यंतच्या बागांवर हाच मान सांगतं, स्पेनच्या दक्षिणेला ग्रनाडाजवळ १३०० मीटरच्या वर बागा आहेत, आणि अर्जेंटिनात तर ३००० मीटरच्याही पुढे द्राक्षं लावलीत. आपलं महाबळेश्वर मोर्जेच्या सगळ्यांत वरच्या वेलीपेक्षा उंच आहे. नुसत्या उंचीवर वाईन ठरत असती तर वेण्णा तलावाकाठी स्ट्रॉबेरी कोणी लावली असती?

“रोमन काळापासून, फक्त तिथेच.” लिखित नोंदी पाहिल्या तर प्रियेचं नाव १७व्या शतकात सापडतं. ही गावं ज्या आओस्ता खोऱ्यात आहेत तिथे रोमन होते, रस्ते आणि कमानी बांधून गेले, वाईनही पीत असतील. पण ते हेच द्राक्ष पीत होते याला पुरावा लागतो, आणि तो मेसेजमध्ये नाही. ‘फक्त तिथेच’ हे तर डीएनए चाचण्यांनी मोडीत काढलंय. इटलीच्याच पिएमाँत प्रांतात लवकर पिकणारं ‘आगोस्तेंगा’ म्हणून जे द्राक्ष खातात ते हेच. सेंट बर्नार्ड खिंडीच्या पलीकडे, स्वित्झर्लंडच्या ‘वाले’ नावाच्या परगण्यात ‘बर्नार्ड’ म्हणतात तेही हेच. शिवाय त्याच खोऱ्यातल्या मायोले आणि प्रिमेता या जातींचं ते जन्मदाते आहे. म्हणजे एका कोपऱ्यात दडून बसलेलं हे द्राक्ष नाही. खिंडी ओलांडून फिरलेलं, लेकरंबाळं असलेलं द्राक्ष आहे. मला तर ही गोष्ट रोमन दंतकथेपेक्षा जास्त आवडली.

आता मुळांकडे. फायलोक्सेरा ही मुळांतला रस शोषणारी, माव्याच्या जातकुळीतली कीड. अमेरिकेतून १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये पोहोचली आणि पुढच्या काही दशकांत तिने युरोपातल्या बहुतेक बागा झोपवल्या. अमेरिकन वेलींची मुळं तिच्या सोबतच वाढलेली, त्यांना ती सोसते. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर युरोपीय जात, हा तोडगा निघाला. मोर्जेच्या वरच्या खोऱ्यात कीड पोहोचली नाही आणि तिथल्या वेली स्वमुळावर राहिल्या, एवढं मेसेजमधलं खरं आहे.

कारण मात्र चुकलंय. ही कीड न्यूयॉर्कमध्ये आणि कॅनडाच्या ओंटारिओतही आहे, जिथला हिवाळा माँ ब्लाँच्या पायथ्याला लाजवेल असा असतो. हिवाळ्यात ती मुळांवर गप्प बसून राहते. थंडीने तिची गती मंदावते, पण नुसती थंडी तिला संपवत नाही. मोर्जेला वाचवलं ते त्याच्या एकाकीपणाने आणि हिमनदीने आणून टाकलेल्या रेताड, खडेदार मातीने. अशा मातीत या किडीला मुळापासून मुळापर्यंत सरकणं जड जातं. उलट बघा: ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर ज्वालामुखीच्या राखेत, पोर्तुगालच्या कोलारेसमध्ये समुद्राच्या वाळूत, आणि जवळजवळ सगळ्या चिलीत वेली स्वमुळावर आहेत. यातल्या सांतोरिनीत तर उन्हाळ्यात दगड तापतात. म्हणजे स्वमुळावरची वेल ही थंडीची देणगी नाही. जिथे कीड पोहोचली नाही किंवा तिला चालता आलं नाही, तिथे ती टिकली, बस.

“खुंट नाही म्हणून रोग नाही, फवारणी नाही.” हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि चहा केला. अरे, भुरी आणि केवडा हे पानाचे, मण्याचे रोग. खुंट जमिनीत असतो. मुळाखाली काय आहे याची भुरीच्या बुरशीला पर्वा नसते. प्रिये ब्लाँ हीसुद्धा शेवटी आपल्या थॉमसनसारखीच युरोपीय वेल, आणि युरोपीय वेलीला हे दोन्ही रोग लागतात. दोन्ही अमेरिकेतूनच १९व्या शतकात तिकडे गेले. आओस्ता खोरं डोंगरांच्या आडोशाला असल्याने कोरडं आहे, त्यामुळे बुरशीचा जोर कमी पडतो. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी आला की आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको.

त्या बुटक्या मांडवाबद्दल सगळ्यांत मोठा गैरसमज आहे, आणि गंमत म्हणजे आपल्याला तो सहज कळायला हवा होता. मांडव आपलाही आहे. आपला मांडव सहा-सात फुटांवर, का? वरून पानांचं छप्पर व्हावं, घड सावलीत लोंबावेत, उन्हाने मणी भाजू नयेत, खालून माणूस ताठ चालावा. मोर्जेत तोच मांडव गुडघ्या-कमरेच्या उंचीला आणलेला असतो, नेमक्या उलट्या कारणाने. दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब सोडते, ती ऊब घडांना मिळावी. वाऱ्याने काड्या मोडू नयेत. बर्फाचा भार पडला तर तो कमी उंचीवर पडावा. वेल बुटकी नाही, तिला बुटकी बांधलीय. आणि मजुरी वाचते म्हणे! तोडणीच्या वेळी माणूस अक्षरशः वाकून, गुडघे टेकून आत शिरतो. आमच्याकडे डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) करून दुखलेल्या मानेची तक्रार करणाऱ्या बायकांना मी तो फोटो दाखवला. त्यांनी एका सुरात ‘नको गं बाई’ म्हटलं.

प्रियेचा खरा गुण मेसेजमध्ये एका शब्दानेही नाही. तिचे डोळे उशिरा फुटतात आणि घड लवकर पिकतात. वसंतातलं गोठवणारं दहिवर टळतं, आणि शरदातली थंडी यायच्या आत तोडणी होते. तेवढ्या छोट्या हंगामात बसणारी जात म्हणून ती तिथे आहे. आपल्याकडे वेल झोपतच नाही. खरड छाटणी, मग ऑक्टोबर छाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंग, म्हणजे काडीवरच्या डोळ्यांना औषध लावणं. तिचा हा गुण आपल्या उपयोगाचा नाही.

आणि ती नुसत्या डोंगरानेही राखलेली नाही. १९६०च्या दशकात मोर्जेचे पाद्री आलेक्सांद्र बुजा या वाईनच्या मागे लागले, बाटल्या भरल्या, लोकांना पाजली. १९८३मध्ये तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी उभी राहिली. एवढ्या खटपटीनंतरही ही हलकी, आंबट कडेची, गवताफुलांच्या वासाची वाईन थोड्याच लोकांपर्यंत पोहोचते.

राहिला डॉगरीज. तो आपल्याकडे फायलोक्सेरासाठी आलाच नाही. टेक्सासच्या उन्हातली ती वेल, आणि आपल्याकडे १९९०च्या दशकात ती आली ती खारवट पाण्यामुळे आणि पाणीटंचाईमुळे. आमच्या खालच्या तुकड्यात तेव्हा स्वमुळावरचा थॉमसन होता. विहिरीचं पाणी मचूळ. तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपायला लागल्या, आधी तपकिरी किनार, मग चुरचुरीत, हातात घेतलं की पापडासारखं मोडायचं. वडिलांना वाटलं खत जास्त झालं, त्यांनी खत बंद केलं. पुढच्या वर्षी काड्याच वाढल्या नाहीत. शेजारच्या बांधावर डॉगरीजवर कलम केलेली बाग होती, पाणी त्याच पट्ट्यातलं. तिची पानं हिरवीगार. कोणाच्या सांगण्यावरून नाही, ते बघून आम्ही आमची बाग उपटली.

डॉगरीज निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तो वेलीला नको इतका जोर देतो, पालाश जास्त उचलतो, रसाचा सामू (पीएच) चढवतो, म्हणजे आंबटपणा कमी करतो. वाईनच्या द्राक्षाला हे सोसत नाही, म्हणून वाईनवाले ११०-आरसारख्या खुंटांकडे वळतात. चवीची तक्रार करायची तर ती इथे करा. पण ती तक्रार ‘कोणता खुंट’ याची आहे, ‘खुंट हवा का’ याची नाही. वरची जात खुंटामुळे बदलत नाही; थॉमसन थॉमसनच राहतो.

पुतण्याला मी इतकंच सांगितलं: आधी खालच्या विहिरीच्या पाण्याचा ईसी, म्हणजे क्षारांचं मोजमाप, काढून आण. तुझ्या आजोबांच्या वेळचं पाणी गोड झालं असेल, तर बोलू.