आयर्न मॅनचा हमाल

सुपरहिरोंच्या गोष्टींत एक गोष्ट कधीच कोणी सांगत नाही. अंगभर चिलखत चढवल्यावर पाठ खाजली तर काय करायचं? मला उत्तर माहीत आहे. मित्राला सांगायचं. तो मित्र म्हणजे मी.

आमचे मित्रवर्य डोंबिवली पूर्वेला राहतात, एका कंपनीत अकाउंट्स बघतात, जीएसटीच्या तारखा त्यांना तोंडपाठ असतात आणि मार्च संपला की त्यांना काहीतरी होतं. बाकीचे अकाउंटंट मार्चएंड उरकला की महाबळेश्वरला जाऊन पडतात. ह्यांनी ठरवलं, मुंबई कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकप्रेमींच्या मेळ्याला, जायचं. आणि नुसतं जायचं नाही, आयर्न मॅन होऊन जायचं. "तू फक्त सोबत चल. तुला काहीच करायचं नाहीये," असं म्हणाले. मुलाकडच्यांनी "आम्हाला काही नको हो" म्हटलं की मुलीच्या बापाच्या पोटात जो गोळा येतो, तसाच माझ्या पोटात आला.

लोखंडी माणूस प्रत्यक्षात फोमचा असतो. लोक ज्या मॅटवर योगासनं करायचं ठरवतात आणि करत नाहीत, त्याच जातीचा ईव्हीए फोम. इंटरनेटवरून चिलखताचे नमुने उतरवायचे, कागदावर छापायचे, फोमवर आखायचे, कटरने कापायचे, हीट गनने तापवून त्यांना खांद्या-गुडघ्याची गोलाई द्यायची. मग चपला चिकटवायचा गम दोन्ही कडांना लावायचा, तो जरा सुकला की कडा एकमेकींवर दाबायच्या. फोमची छिद्रं बुजवायला पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचे हात. त्यावर गाड्यांच्या दुकानातला लाल आणि सोनेरी स्प्रे. हा सगळा कारखाना वन बीएचकेत. वहिनी सोसणाऱ्या आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "याचंही रिटर्न भरावं लागतं का?"

माझं म्हणणं होतं, इतका खटाटोप कशाला, सरळ वेताळ हो. भूत नव्हे, कॉमिक्समधला वेताळ, इंग्रजीतला फँटम. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं तेच मुळी वेताळाला घेऊन. ते १९९० साली बंद पडलं तेव्हा आम्ही जेमतेम वाचायला लागलो होतो, पण रद्दीवाल्याच्या कृपेने पुढची काही वर्षं आमच्यापुरतं ते चालूच राहिलं. त्याचा जन्मदाता ली फॉक, त्याने १९३६ साली या माणसाला जो अंगासरशी कपडा घातला, तो आजतागायत बदललेला नाही. वर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, डोळ्यांवर मुखवटा, झालं काम. पिशवीत मावतो. धुता येतो. शिवाय घराण्याचा वेश, विसाव्याने घातला तोच एकविसाव्याने. मित्रवर्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "वेताळाचं पोट दिसतं रे."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

माझ्या कपड्यांबद्दलही त्यांच्या सूचना होत्या. पांढरा फुल शर्ट, टाय, ऑफिसची बॅग. का, तर चिलखतातल्या माणसाबरोबर एक टापटीप माणूस असला की सिक्युरिटीवाले उगाच अडवत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत. त्यांना चिलखत चढवायला मला पहाटेच बोलावलं होतं, त्यामुळे दाढी राहिली. ऑफिसच्या बॅगेत गमची ट्यूब, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, सेफ्टी पिना, स्क्रू ड्रायव्हर, ग्लुकॉन-डी आणि स्ट्रॉ. स्ट्रॉ अत्यावश्यक, कारण हेल्मेटच्या फटीतून दुसरं काही आत जात नाही.

तिथे जाऊन कपडे बदलावेत, हा विचार शहाण्या माणसांना सुचतो. मित्रवर्यांना "तिथे गर्दी असते" हे जास्त महत्त्वाचं वाटलं. डोंबिवली स्टेशनात गर्दी नसते, नाही का. जनरल डब्याच्या दारात त्यांचे खांदेच अडकले. आतून कोणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, फ्रिज मालडब्यात टाका!" म्हणून मालडब्यात गेलो. तिथे कोथिंबिरीच्या गाठोड्याला टेकून एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी मित्रवर्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कुठल्या मंडळाचं हो?"

"मंडळ नाही मावशी. कॉमिक कॉनला चाललोय."

"कोण?"

"कॉमिक कॉन."

"कोण का असंना. नवस हाय का?"

मी हो म्हणून टाकलं. त्यावर मावशी गंभीरपणे म्हणाल्या, "मग चालत जायला पायजे. गाडीनं नाय फळत." हेल्मेटमधून काहीतरी उत्तर आलं, पण हेल्मेटमधून येणारं सगळंच "हूंफ्" असं ऐकू येतं.

पूर्वी हा मेळा गोरेगावच्या नेस्कोत, वर्ष संपता संपता भरायचा. आम्ही गेलो तो एप्रिलात, बीकेसीच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. आतल्या गारव्याबद्दल तक्रारीला जागा नाही, पण कुर्ला पश्चिमेचा रस्ता काही एसी नाही. उन्हाने रबरी गम मऊ पडतो हे रसायनशास्त्र मला तिथे, रिक्षाच्या रांगेत, प्रात्यक्षिकासह समजलं. आधी उजव्या कोपराचं चाक निघालं. मग डावी मांडी सुटून रस्त्यावर पडली आणि तिच्यावरून एक सायकल गेली. रिक्षात आयर्न मॅन सरळ बसू शकत नाही, कारण त्याची कंबर वाकत नाही. तेव्हा ते तिरके, जवळजवळ आडवे, पाय एका बाजूने बाहेर. आणि उरलेल्या तिकोनात मी, डावी मांडी काखोटीला मारून. रिक्षावाल्याने आरशात एकदा पाहिलं आणि विचारलं, "शूटिंग है क्या?" मी म्हटलं, नवस आहे.

दारावर तपासणी. ती करतातच आणि केलीच पाहिजे, कारण येणारा प्रत्येक दुसरा माणूस तलवार घेऊन आलेला असतो. फोमची, लाकडाची, थर्माकोलची. आमच्या पुढे एक सहा फुटी कुऱ्हाड तपासून, दाबून बघून परत दिली गेली. मग पाळी छातीतल्या दिव्याची. दिव्यातून निघालेल्या वायरी पाठीवरच्या पॉवर बँकेकडे गेलेल्या.

"ये क्या है?"

आता इथे "दिवा" असं उत्तर द्यायचं असतं. मित्रवर्य छाती काढून म्हणाले, "आर्क रिॲक्टर!" बीकेसीत, सिक्युरिटीच्या माणसाला, रिॲक्टर. पुढची काही मिनिटं मी माझ्या टायला स्मरून समजावण्यात घालवली. शेवटी त्या गृहस्थांनी बटण चालू-बंद करून पाहिलं, खात्री पटवली आणि त्याच दिव्यासोबत सेल्फी काढला.

आत मात्र मी चाट पडलो. जपानी कार्टूनमधले डोक्याला पट्टी बांधलेले नारुतो आणि गवती हॅटवाले लुफी, हर तऱ्हेच्या कंबरेचे स्पायडरमॅन. तिकडचाच, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला एक गोजो मैत्रिणीचा हात धरून चाचपडत चालला होता. गोष्टीत त्याला पट्टीतून सगळं दिसतं म्हणे, इथे खांब दिसत नव्हता. एका मुलीचे पंख इतके मोठे, की ती वळली की माणसं आपोआप खाली वाकत. आणि कोणी कोणाला हसत नव्हतं. चाळिशीतला पोट सुटलेला आयर्न मॅन एका मांडीनिशी आत शिरला, तर कॉलेजची पोरं "सर, क्या बनाया है! कौनसा फोम?" म्हणून भोवती जमली. ऑफिसात या माणसाला कोणी "सर" म्हणत नाही.

पण खरी गंमत हॉलच्या कडेला, भिंतीशी होती. तिथे आमची जमात बसली होती. कॉसप्ले करणाऱ्याबरोबर, म्हणजे असा पात्राचा वेश करणाऱ्याबरोबर येतो, त्याचं सामान सांभाळतो, त्याला पाणी पाजतो, त्याचे फोटो काढतो आणि ज्याचा फोटो कोणी काढत नाही, तो. याला हँडलर म्हणतात. पदवी भारदस्त आहे, कामाचं स्वरूप हमालाचं. एक काकू मांडीवर भली मोठी तलवार आडवी ठेवून डब्यातला ढोकळा खात होत्या. त्यांच्या पलीकडे एक काका दोन शेपट्या आणि एक धनुष्य सांभाळत डुलक्या घेत होते.

"तुमचं कोण?" काकूंनी विचारलं.

"मित्र. लाल-सोनेरी. तुमचं?"

"माझी ती निळ्या केसांची. इंजिनीअरिंगला आहे. सबमिशन सोडून विग विंचरत होती रात्रभर." काकूंनी तलवार सरकवून मला जागा केली. "ढोकळा घ्या. मांडी ठेवा इथे."

या जमातीची आद्य देवता मर्टल डग्लस. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. त्याला फॉरेस्ट ॲकरमन नावाचा शौकीन भविष्यकाळातला पोशाख करून गेला आणि असल्या वेशांच्या इतिहासात त्याचं नाव ठळक टायपात लागलं. पोशाख शिवला होता मर्टलने. ती स्वतःही तसाच वेश करून बरोबर होती, तरी तिचं नाव खालच्या ओळीत. पुढे सॅन डिएगोला १९७० साली एका हॉटेलात काहीशे लोकांनी कॉमिकप्रेमींचा मेळावा भरवला, त्याला आता लाखाच्या वर माणूस लोटतं. आपल्याकडे २०११ साली दिल्ली हाटला पहिली कॉमिक कॉन भरली. एवढा पसारा वाढला, तर भिंतीशी मर्टलच्या नावाने दोन बाकडी टाकायला हरकत नसावी. फरशीवर बसून गुडघे धरतात हो.

मधे थोडा वेळ सुटका करून घेऊन मी चित्रकारांच्या टेबलांकडे गेलो, आणि जाहीर सांगतो, किचेन आणि बाहुल्यांच्या दुकानांपेक्षा ही गल्ली जास्त मोलाची आहे. ज्याने चित्र काढलं तोच ते विकतो, त्याला दोन प्रश्न विचारता येतात. तिथे अभिजीत किणींची 'अँग्री मावशी' दिसली. भ्रष्ट लोकांना बडवून काढणारी मुंबईची मावशी! मालडब्यातल्या मावशींना ही दाखवायला हवी होती. एक प्रत घेतोय तोच फोन वाजला. पलीकडून फक्त "हूंफ्, हूंफ्" येत होतं, पण स्वरातली निकड कळली.

आयर्न मॅनला लघुशंकेला न्यायचं हा स्वतंत्र प्रकल्प आहे. आधी हात काढावे लागतात, कारण त्या बोटांनी काहीही उघडत नाही. हात काढल्याशिवाय खांदे निघत नाहीत, खांदे काढल्याशिवाय पाठीचे हूक दिसत नाहीत आणि पाठ सुटली की पॉवर बँक लोंबायला लागते. ह्यांना उभं राहून नाचायचंच बाकी होतं. मी कमरेच्या मागच्या टेपशी झटतोय, ते "लवकर, लवकर" म्हणतायत, आणि शेजारी एक बॅटमॅन. बॅटमॅनच्या त्या टोपीत मान वळत नाही, त्यामुळे आमची अब्रू राहिली. परत सगळं चढवताना उजवं-डावं उलटसुलट झालं, ते आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही.

बाहेर येऊन मी भिंतीला टेकलो. टाय सैल, केस विस्कटलेले, दाढीचे खुंट, हातात बॅग. तेवढ्यात एक चिमुरडा माझ्याकडे बोट दाखवून किंचाळला, "आई, ते बघ! शिनचॅनचे पप्पा!"

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"अगंबाई, खरंच," आई म्हणाली. "किती नॅचरल केलंय! चेहऱ्यावरचा थकवा तर बघा. काका, एक फोटो?"

शिनचॅन हा जपानी कार्टूनमधला पोरगा, आणि त्याचा बाप म्हणजे ऑफिसात राबून, घराच्या कर्जाचे हप्ते भरून थकलेला गृहस्थ. मला त्यासाठी काहीही करावं लागलं नाही. एक फोटो झाला, दुसरा झाला, मग रांगच लागली. कॉलेजची पोरं, एक आख्खं कुटुंब, दोन नारुतो, खुद्द तो बॅटमॅन. मगाशी ज्यांनी "कौनसा फोम?" विचारलं होतं तेही आले आणि "सर, टाय कहां से लिया?" म्हणाले. काकू ढोकळ्याचा डबा बंद करून कौतुकाने बघत होत्या. मग कोणीतरी मागणी केली, "मोजे! मोजे दाखवा ना!" त्या पप्पांच्या मोज्यांचा वास जगप्रसिद्ध आहे, शत्रू त्यानेच बेशुद्ध पडतात, असं मला सांगण्यात आलं. डोंबिवली ते बीकेसी, एप्रिल महिना, बंद बूट. मी डावा मोजा काढून हात लांब केला. पुढची रांग खरोखर दोन पावलं मागे सरली आणि मग टाळ्या पडल्या.

एवढ्यात एका मुलीने बाजूला उभ्या असलेल्या आयर्न मॅनच्या हातात मोबाईल दिला. "अंकल, प्लीज, जरा हमारा फोटो निकालोगे? इनके साथ?"

मित्रवर्यांनी माझ्याकडे पाहिलं. हेल्मेटमधून काय पाहिलं ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मोबाईल वर धरला, फोमच्या बोटाने पडदा दाबला. काही झालं नाही. फोमच्या बोटाला पडदा दाद देत नाही. त्यांनी अंगठा लावून पाहिला. मोजा धरून माझा हात दुखायला लागला होता.

"लवकर रे," मी म्हणालो, "माणसं खोळंबलीयत."

शेवटी त्यांनी हेल्मेट वर सारलं, मोबाईल तोंडाजवळ नेला आणि नाकाने बटण दाबलं. फोटो थोडा तिरका आलाय. मोजा मात्र स्पष्ट आहे.