‘फोनवर गाणी मध्येच थांबतात, डबा सदोष आहे’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

दोन स्टार दिलेत, पण तक्रार सविस्तर लिहिलीत आणि सोबत फोटो टाकलेत हे बरं झालं. त्यांच्यामुळेच नेमकं उत्तर देता येतंय. आमचा डबा म्हणजे डिस्कवरची गाणी घरच्या वायफायवरून फोनच्या ॲपला पुरवणारा छोटा म्युझिक सर्व्हर. त्याबद्दल तुमचं म्हणणं असं: फोनवर गाणी मध्येच थांबतात, ॲप ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणतं, डबा बंद-चालू केला की पुन्हा लागतं. कधी यादी दिसते पण गाणं वाजत नाही. घराबाहेर तर काहीच चालत नाही. म्हणून डबा बदलून द्या.

डबा बदलून दिला तरी हेच होईल. का, ते तुमच्याच फोटोंत आहे.

पहिल्या फोटोत ॲपमधला सर्व्हरचा पत्ता 192.168.0.104 आहे. एरर आली तेव्हाच्या फोटोत फोनचा पत्ता मात्र 192.168.1.37. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे घरात दोन नेटवर्कं आहेत. फायबरवाल्याचा राउटर आतल्या खोलीत आणि त्याला जोडलेला तुमचा जुना राउटर हॉलमध्ये, असं तुम्हीच लिहिलंय. डबा हॉलच्या राउटरला लावलाय. हॉलच्या नेटवर्कवरून बाहेर जाता येतं, पण फायबरच्या नेटवर्कवरून हॉलच्या आत शिरता येत नाही. हॉलचा राउटर ती वाट अडवतो आणि त्याचं कामच ते आहे. फोन आतल्या खोलीत गेला की जवळचं वायफाय पकडतो आणि डबा त्याच्या दृष्टीने नाहीसा होतो.

गाणं मात्र त्या क्षणी थांबत नाही. ॲपने पुढचा थोडा भाग आधीच ओढून ठेवलेला असतो, तो संपेपर्यंत वाजत राहतं. म्हणून खोली बदलण्याचा आणि गाणं तुटण्याचा संबंध लक्षात येत नाही. मग तुम्ही डबा बंद-चालू करायला हॉलमध्ये येता, फोन हातातच असतो, तो हॉलचं वायफाय पकडतो आणि गाणं लागतं. श्रेय रीस्टार्टला मिळतं! पुढच्या वेळी डब्याला हात न लावता नुसते हॉलमध्ये येऊन फोनचं वायफाय बंद-चालू करून बघा.

उपाय असा. हॉलच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑपरेशन मोड’ शोधा आणि तो ‘ॲक्सेस पॉइंट’ करा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता फायबरचंच नेटवर्क हॉलमध्ये पसरवेल. जुन्या राउटरला हा पर्याय नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता 192.168.1.2 करा (फायबरच्या राउटरच्या डीएचसीपी यादीत, म्हणजे तो उपकरणांना आपोआप वाटतो त्या पत्त्यांत, हा आकडा येत नाही ना, ते पाहून), मग त्याचा डीएचसीपी बंद करा आणि फायबरकडून येणारी केबल वॅन (इंटरनेट आत येण्याच्या) पोर्टमधून काढून लॅन (घरातली उपकरणं जोडण्याच्या) पोर्टमध्ये लावा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलात तर सेटिंगचं पान उघडणं अवघड होऊन बसतं. दोन्ही राउटरना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच द्या. ‘गेस्ट नेटवर्क’ फोनसाठी वापरू नका, त्यावरून घरातली बाकीची उपकरणं सहसा दिसत नाहीत.

इथे बरेचजण अडकतात: मोड बदलल्यावर डब्याचा पत्ताही बदलतो. डबा एकदा बंद-चालू करा (या वेळी खरंच गरज आहे), फायबरच्या राउटरच्या यादीत त्याचा नवा पत्ता बघा आणि तिथेच ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून तो कायमचा बांधून टाका, समजा 192.168.1.50. मग ॲपमध्ये http://192.168.1.50:4533 टाका. 4533 हा नॅव्हिड्रोमचा, म्हणजे डब्यातल्या गाणी पुरवणाऱ्या प्रोग्रामचा, पोर्ट क्रमांक, तो विसरू नका. पुढे कधीही एरर आली तर हाच पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा. लॉगिनचं पान आलं तर नेटवर्क ठीक आहे, दोष ॲपच्या सेटिंगमध्ये शोधायचा. पान नाहीच आलं तर फोन कुठल्या वायफायवर आहे ते आधी बघायचं.

फोनमध्येही दोन गोष्टी. वायफाय कमकुवत झालं की मोबाइल डेटावर जाण्याची सोय बंद करा, डेटावरून 192.168 चा पत्ता कधीच लागत नाही. आणि खिशात ठेवल्यावर एक-दोन गाण्यांत आवाज बंद होतो म्हणता, ते बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचं काम दिसतंय. शाओमीच्या फोनवर ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी सेव्हर ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करा आणि ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा.

आता यादी दिसते पण वाजत नाही, ते. तिसऱ्या फोटोत डब्याला पांढरा मोबाइल चार्जर दिसतो. आम्ही दिलेला काळा ॲडॅप्टर 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा आहे. आतल्या रास्पबेरी पाय 4 या छोट्या कॉम्प्युटरला आणि यूएसबी हार्ड डिस्कला मिळून तेवढा लागतो. चार्जर कमी पडला की व्होल्टेज खाली येतं आणि डिस्क मध्येच सुटते. गाण्यांची यादी मेमरी कार्डावरच्या डेटाबेसमध्ये असते, ती दिसत राहते. फाइल डिस्कवर, ती मिळत नाही. डब्यावरचा लाल दिवा मधूनमधून विझत असेल तर समजा वीज कमी पडतेय. काळा ॲडॅप्टरच लावा. दुपारी बराच वेळाने लावलेलं पहिलं गाणं काही सेकंद उशिरा सुरू होणं मात्र वेगळं आहे: झोपलेली डिस्क फिरायला लागते, एवढंच. त्यात बिघाड नाही.

घराबाहेरचं सांगायचं तर फायबरच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारी मागणी डब्याकडे वळवणं) करण्यात वेळ घालवण्याआधी त्याच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 मध्ये सुरू होत असेल तर तुमचा बाहेरचा पत्ता इतर ग्राहकांसोबत वाटलेला आहे आणि आयपीव्ही4 वर, म्हणजे अशा चार आकड्यांच्या पत्त्यांवर, फॉरवर्डिंगचा उपयोग नाही. सोपा मार्ग टेलस्केल, म्हणजे तुमची उपकरणं इंटरनेटवरून खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप: डब्यावर आणि फोनवर एकाच खात्याने लॉगिन करा, डब्याला 100 ने सुरू होणारा पत्ता मिळेल, तो ॲपमध्ये :4533 सह घाला. मोबाइल डेटासाठी ॲपमध्ये कमाल बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) 128 केबीपीएस आणि फॉरमॅट ओपस (गाणं दाबून लहान करणारा) ठेवा. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेलं गाणं) तासाला साधारण 400 एमबी खातं, हे 60 च्या आसपास. लोकलमध्ये सिग्नल येत-जात असताना फरक लगेच जाणवतो.

एवढं करूनही हॉलमध्ये, काळा ॲडॅप्टर लावून, ब्राउझरमध्ये पान उघडलं नाही तर डबा, डिस्क आणि दोन्ही चार्जर घेऊन दुकानात या. समोर रात्रभर चालवून बघू आणि दोष डब्यात निघाला तर वॉरंटीत बदलून देऊ.